तीन पिढ्यांची धडधड : पॅनिक डिसऑर्डरचं एक प्रकरण

वय ३६, मुक्काम भांडुप, फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम. घरी नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; त्यांना इथे मी नुसतं 'बाई' म्हणेन.

पहिल्या भेटीत बाईंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक, आईच्या जुन्या ईसीजींची जाडजूड फाइल. दुसरी, भावाने ऑनलाइन मागवलेल्या किटवर लाळ देऊन आलेला डीएनए रिपोर्ट. त्यात 'चिंता व पॅनिक' या ओळीसमोर लाल रंगात 'जास्त धोका' असं छापलेलं होतं. स्वतःच्या त्रासाबद्दल बोलण्याआधी त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे आमच्या रक्तातच आहे ना? मग माझ्या लेकीलाही होणार का?"

मानसोपचाराच्या ओपीडीत हा प्रश्न नवा नाही. पण त्याला घाईने दिलेलं 'हो' किंवा 'छे, काही नाही' घराला वर्षानुवर्षं महागात पडतं. या घरात त्याचं उत्तर शोधायला वेळ मिळाला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

काय घडलं

जुलैमधली सकाळ, पाऊस धरून होता. सीएसएमटीला जाणारी फास्ट लोकल कुर्ला आणि सायनच्या मधे थांबली ती थांबलीच. लेडीज डबा ठासून भरलेला, पावसामुळे खिडक्या बंद. बाई मधल्या जागेत उभ्या होत्या. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग छातीत धडधड सुरू झाली, घसा आवळला, आणि दोन-तीन मिनिटांत आपण आता मरणार अशी खात्रीच पटली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी उठून जागा दिली. गाडी सायनला लागल्यावर दोन अनोळखी बायकांनी त्यांना उतरवलं आणि टॅक्सीत घालून एका इस्पितळात नेलं. ईसीजी नॉर्मल निघाला. "गॅस असेल, आराम करा," एवढं सांगून त्यांना घरी पाठवलं.

अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा असा झटका म्हणजे पॅनिक ॲटॅक. दुसरा ॲटॅक दहा-बारा दिवसांनी, घरी पोळ्या लाटताना आला. तिसरा मध्यरात्री, गाढ झोपेतून. झोपेतल्या ॲटॅकने माणूस सगळ्यात जास्त हादरतो, कारण 'मी फार विचार करते म्हणून होतं' हा दिलासाही तिथे उरत नाही. मग तपासण्या झाल्या. टू-डी इको, टीएसएच, हिमोग्लोबिन, हृदयाचे ठोके चोवीस तास नोंदवणारं होल्टर. थायरॉइड, रक्तक्षय किंवा हृदयाच्या ठोक्यातला दोष नाही ना, हे बघणं आवश्यकच होतं. सगळं नॉर्मल आलं. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं जग आक्रसत गेलं. आधी फास्ट लोकल सुटली, कारण तिची स्टेशनं लांब लांब. मग स्लोमध्येही दाराजवळच उभं राहायचं. मग आठवड्याचे तीन दिवस घरून काम. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळीची पट्टी. बाहेर पडण्याआधी अर्धी गोळी. ही गोळी पटकन शांत करते खरी, पण शरीराला तिची सवय लागते, आणि मुख्य म्हणजे 'गोळी होती म्हणून वाचले' हा समज पक्का होत जातो.

एखादा पॅनिक ॲटॅक येणं आणि पॅनिक डिसऑर्डर असणं यांत मोठं अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या पाहण्यांनुसार आयुष्यात कधीतरी एखादा तरी ॲटॅक येणारी माणसं १०० मध्ये सुमारे १३ असतात, आजार मात्र १०० पैकी दोघांनाही होत नाही (१.७ टक्के). स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट. वारंवार, ध्यानीमनी नसताना येणारे ॲटॅक आणि त्यानंतर किमान महिनाभर 'पुन्हा येईल का' ही धास्ती किंवा त्यापायी बदललेलं वागणं, हे दोन्ही असलं की निदान होतं. बाईंच्या बाबतीत शंकेला जागा नव्हती.

आई सोबत बसल्या होत्या

"आमच्यात असलं काही कुणाला नाही," घराण्यातल्या आजारांबद्दल विचारलं तेव्हा आई ठामपणे म्हणाल्या.

त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. 'मानसिक आजार' असं विचारलं की बहुतेक घरांतून हेच उत्तर येतं. म्हणून मी कागदावर वंशावळ काढायला घेतली, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि प्रश्न बदलले. घरात कुणाला एकटं ठेवता येत नसे का? कुणी लिफ्ट, पूल, बोगदा, विशिष्ट गाडी टाळायचं का? हार्टचं म्हणून कुणाच्या पुष्कळ तपासण्या झाल्या आणि काहीच निघालं नाही, असं कुणी आहे का? घराबाहेर पडण्याआधी कुणी दारू घेत असे का?

शेवटच्या प्रश्नावर आई गप्प झाल्या. पुढच्या भेटीत त्या स्वतःहून बोलायला लागल्या. त्यांचा थोरला भाऊ परळच्या गिरणीत होता. माणूस साधा, पण सकाळी गाडी पकडण्याआधी घोटभर घेतल्याशिवाय त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. सगळे त्याला बेवडा म्हणायचे. गर्दीत त्याला घाम फुटायचा हे फक्त बहिणीला माहीत होतं. यकृताच्या आजाराने तो गेला. बाईंची आजी मालवणकडची. ती कधी मुंबईला आलीच नाही. संध्याकाळी एकटी राहायला लागली की 'घाबरी व्हायची', हातपाय गार पडायचे. गावात त्याला बाहेरचं काही म्हणत आणि अंगारा लावत.

मग आई स्वतःबद्दल बोलल्या. वय ६४. तिशीच्या आत पहिल्यांदा छातीत धडधडलं, तेव्हापासून त्या हार्टच्या पेशंट. फाइलमधले सगळे ईसीजी मी एकेक करून पाहिले, नंतर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले. एकातही दोष नव्हता. तरी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही हृदयरोग्यांची गोळी, शेजारणीच्या सांगण्यावरून, कायम पर्समध्ये. घर चौथ्या मजल्यावर. "लिफ्ट आहे ना?" मी विचारलं. "आहे, पण मी जिन्याने जाते. दार लागलं की जीव गुदमरतो."

स्वतःला हृदयरोगी समजणाऱ्या आई इतकी वर्षं रोज चार मजले चढत होत्या, आणि या विसंगतीकडे घरात कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी मी आईंची स्वतंत्र मुलाखत घेतली. त्यांनाही पॅनिक डिसऑर्डर होता, पस्तीसेक वर्षांचा जुना.

मामा आणि आजीचं मात्र मी वंशावळीत प्रश्नचिन्हच ठेवलं. गेलेल्या माणसाचं ऐकीव माहितीवर निदान करू नये. शिवाय अमेरिकी वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती १९८० मध्ये. आजीच्या वेळी तिथल्या डॉक्टरांकडेही हे नाव नव्हतं.

रक्तात किती?

आता बाईंच्या प्रश्नाकडे. घराण्याच्या अभ्यासांचा आणि जुळ्यांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ज्याच्या सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला पॅनिक डिसऑर्डर आहे, त्याला तो होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पाचपट. ऐकायला भयंकर वाटतं. पण मूळ आकडा दोन टक्क्यांच्या आत असेल तर त्याची पाचपट दहाच्या आसपास जाते. मी बाईंना कागदावर शंभर ठिपके काढून दाखवले आणि दहा रंगवले. नव्वद कोरे राहिले. बाई त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. एक पुस्तीही जोडायला हवी. आजार विशीच्या आत सुरू झाला असेल तर नातेवाइकांचा धोका आणखी बराच वाढतो, असं १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. बाईंचा आणि आईंचा, दोघींचाही आजार विशीनंतरचा.

त्याच आढाव्यात आनुवंशिकतेचा वाटा ४० टक्क्यांच्या थोडा वर निघाला होता. हा आकडा फार चुकीचा वाचला जातो. बाईंच्या आजारातला ४० टक्के भाग आईकडून आला, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत या आजाराच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, इतकंच तो आकडा सांगतो. नॉर्वेमधला १९८३ चा जुळ्यांचा छोटा अभ्यास जास्त बोलका आहे. तंतोतंत एकसारखी जनुकं असलेल्या जुळ्यांत एकाला आजार असताना दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण होतं सुमारे ३१ टक्के. जनुकं अगदी तीच असूनही दर तीन जोड्यांपैकी दोन जोड्यांत दुसरा सुटला.

मग तो लाल अक्षरांतला रिपोर्ट? त्यात मोजक्या जनुकांवरून निष्कर्ष काढला होता. ठळकपणे दाखवलं होतं ते सीओएमटी नावाचं जनुक. मेंदूतल्या डोपामिनसारख्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारं विकर ते बनवतं. त्याच्या एका प्रकाराचा पॅनिकशी संबंध असल्याचे अभ्यास आहेत, आणि तो संबंध न सापडलेलेही आहेत. या क्षेत्रात असं पुष्कळदा झालंय. २००१ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १५ व्या गुणसूत्रावरचा एक दुबार झालेला तुकडा पॅनिकच्या मुळाशी असल्याचं जाहीर केलं, मोठा गाजावाजा झाला, आणि नंतर इतर प्रयोगशाळांना तो तुकडा सापडलाच नाही. पुढे एकेक जनुक पकडण्याऐवजी संपूर्ण जनुकसंच चाळायला सुरुवात झाली. युरोपातल्या एका गटाने पॅनिक डिसऑर्डरचे २,२४८ रुग्ण आणि ७,९९२ इतर लोक यांची तुलना केली. निर्णायक म्हणावी अशी एकही जागा सापडली नाही. तरीही लाखो सूक्ष्म फरकांचा एकत्रित परिणाम धरला तर आनुवंशिक वाटा २८ ते ३४ टक्के भरत होता, आणि तो नैराश्याच्या आनुवंशिक वाट्याशी बऱ्यापैकी जुळत होता. म्हणजे वारसा खरा, पण तो असंख्य जागी विखुरलेला, प्रत्येक जागेचा परिणाम कणभर. 'पॅनिकचं जनुक' असं काही नाही. त्यात हे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचे. त्यांचं गणित मूळच्या मालवणच्या, भांडुपला राहणाऱ्या बाईंना जसंच्या तसं लावणं मला मान्य नाही. धोका ठरवण्यासाठी अशा रिपोर्टवर पैसे खर्च करू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. साध्या कागदावर काढलेली वंशावळ त्याहून कितीतरी जास्त सांगते.

या वारशात नेमकं काय उतरतं, याबद्दल मात्र चांगले धागे हाती आहेत. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक खोल श्वास दिला, तर पॅनिकच्या पुष्कळ रुग्णांना तिथेच ॲटॅक येतो. निरोगी माणसाला नुसती धाप लागते. ज्यांना स्वतःला आजार नाही अशा त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांतही ही संवेदनशीलता इतरांपेक्षा जास्त आढळते. 'गुदमरतोय' हा मेंदूचा इशारा काही लोकांत फार लवकर वाजतो, असा सिद्धान्त डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडला. आई दूर गेली की कासावीस होणारं बालपण, ही श्वासाची संवेदनशीलता आणि मोठेपणीचं पॅनिक यांचं आनुवंशिक मूळ काही अंशी एकच असावं, असं नॉर्वेतल्याच जुळ्यांच्या नंतरच्या अभ्यासात दिसलं. बाई चौथीपर्यंत शाळेच्या फाटकाशी रोज रडत असत. बंद खिडक्यांचा डबा, आईला नकोशी लिफ्ट आणि शाळेचं फाटक ही एकाच माळेतली असू शकतात, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी नाटक करत नव्हते." घरच्यांनी त्यांना इतकी वर्षं नाटकी म्हटलं होतं.

लेक

तिसऱ्या भेटीला मुलगी सोबत आली, कारण तिला ठेवायला घरी कुणी नव्हतं. आईच्या शेजारी बसली, आणि आम्ही बोलत असताना तिने सहज आईचं मनगट हातात घेऊन दोन बोटं नाडीवर ठेवली. सरावाचा हात होता. बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं. मला म्हणाली, "आईला बरं नसलं की मी मोजते. आजीनेच शिकवलं." त्या वर्षी ती शाळेच्या सहलीला गेली नव्हती. बस बोगद्यातून जाणार होती.

वारसा जनुकांखेरीज आणखी कशातून जातो, ते इथे समोर दिसत होतं. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना रबरी साप आणि कोळी दाखवले. आईचा चेहरा घाबरलेला असेल तर मूल नंतरही त्या खेळण्यापासून लांब राहिलं. स्वीडनमधला २०१५ चा अभ्यास आणखी नेमका आहे. एकसारख्या जुळ्या बहिणींच्या मुलांचं जनुकीय नातं आई आणि मावशी या दोघींशी सारखंच असतं. चिंता फक्त जनुकांतून उतरत असती, तर मावशीच्या चिंतेचा ठसाही आईच्या इतकाच दिसायला हवा होता. तसं दिसलं नाही. आई-वडिलांकडून किशोरवयीन मुलांकडे चिंता जाण्यात घरातल्या वागण्याचा, एकत्र राहण्याचा वाटा मोठा निघाला.

ही बातमी मला आशेची वाटते, कारण घरातलं वागणं बदलता येतं. चिंताविकार असलेल्या पालकांच्या ६ ते १३ वयाच्या मुलांसाठी अमेरिकेत १३६ कुटुंबांवर एक प्रयोग झाला. निम्म्या घरांना सुमारे आठ बैठकांत मुलांना भीतीशी जुळवून घ्यायला कसं शिकवायचं ते शिकवलं, उरलेल्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. वर्षभरात पत्रकवाल्या गटातल्या ३१ टक्के मुलांना चिंताविकार जडला; शिकवलेल्या गटात ५ टक्के.

काय केलं

एसिटालोप्राम हे चिंता आणि नैराश्यावरचं रोज घ्यायचं औषध ५ मिलिग्रॅमपासून सुरू केलं, दोन आठवड्यांनी १०. पहिले काही दिवस धडधड थोडी वाढू शकते, हे आधीच सांगितलं होतं. नाहीतर पॅनिकचे रुग्ण तिसऱ्या दिवशीच गोळी टाकून देतात. हे औषध शरीरात किती वेगाने मोडतं हे सीवायपी२सी१९ या जनुकावर अवलंबून असतं, आणि ते हळू मोडणारी माणसं आपल्याकडे बरीच आहेत. जनुकांच्या माहितीचा खरा व्यवहारी उपयोग झालाच तर इथे. पण मात्रा कमीपासून हळूहळू वाढवली की बहुतेक वेळा त्या तपासणीवाचूनही भागतं. क्लोनाझेपाम काही आठवड्यांत उतरवत बंद केलं.

मुख्य काम वर्तनोपचाराचं होतं. आमच्या मानसशास्त्रज्ञांनी बाईंना फिरत्या खुर्चीत गरगर फिरवलं, नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, जिने धावत चढायला लावले, म्हणजे ॲटॅकमधल्या संवेदना मुद्दाम आणायच्या आणि त्या आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. मग गाडी. दुपारच्या स्लोने भांडुप ते कांजूरमार्ग, नवऱ्यासोबत. मग एकटीने. मग घाटकोपर. मग फास्टने दादर, डब्याच्या मध्यभागी उभं राहून. शेवटची पायरी सर्वांत अवघड गेली. पर्समधली पट्टी घरी ठेवून निघायचं. दोन वेळा त्या स्टेशनपर्यंत येऊन परत फिरल्या.

चार महिन्यांनी ॲटॅक थांबले. मग गणपतीत गावी गेल्यावर 'सणावाराला गोळ्या कशाला' म्हणून कुणीतरी बंद करायला लावल्या. चौथ्या दिवसापासून चक्कर, अंगात विजेचे झटके बसल्यासारखं, आणि आठवड्याने पुन्हा ॲटॅक. एसिटालोप्राम एकदम थांबवलं की असं होतं. औषध पुन्हा सुरू करून गाडी रुळावर यायला महिना गेला.

आईंनी गोळ्या घ्यायला साफ नकार दिला, आणि त्यांचा तो हक्क आहे. सॉर्बिट्रेट मात्र हृदयरोगतज्ज्ञांनी बंद करवली. गरज नसताना ती घेतली तर रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. लिफ्टचा सराव त्यांनी मान्य केला. आता पहिल्या मजल्यापर्यंत लिफ्टने जातात, पुढे जिन्याने. फाइल अजून कपाटात आहे.

मुलीला कोणतंही निदान दिलं नाही, औषध नाही, जनुकांची तपासणी तर नाहीच. घरातले तीन नियम बदलले. नाडी मोजायची नाही, कुणीच कुणाची. आईला ॲटॅक आला तर तिने लेकीला "मला आता धडधडतंय, दहा मिनिटांत ओसरेल, तू तुझा अभ्यास कर" असं सांगायचं. आणि लेकीने एखादी गोष्ट भीतीपोटी टाळली तर तिला ओरडायचं नाही, पण तिच्यासाठी ती गोष्ट रद्दही करायची नाही. लहान तुकडे करून करवून घ्यायची. आजीला पहिला नियम सगळ्यात जड गेला.

भाचीचीही लाळ पाठवू का, असं भावाने फोनवर विचारलं. मी नको म्हणालो आणि त्याऐवजी शाळेच्या वहीत चिकटवता येईल एवढी यादी पाठवली: सलग काही आठवडे शाळा टाळणं, रात्री एकटं झोपायला नकार, पोटदुखी-छातीदुखीच्या तक्रारी ज्यात तपासणीत काही निघत नाही, आणि पुढे किशोरवयात सिगारेट, कारण त्या वयातलं धूम्रपान पॅनिकचा धोका वाढवतं. यांतलं काही दिसलं तर वाट न बघता घेऊन या. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

रिपोर्टमुळे विमा नाकारला जाईल का, ही बाईंची शेवटची काळजी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा-संरक्षण मिळायला हवं, हे त्यांना लिहून दिलं.

सध्या औषध चालू आहे. बरं वाटायला लागल्यापासून किमान वर्षभर ते चालू ठेवायचं, मग दोन-तीन महिन्यांत उतरवत थांबवायचं, आणि ते पावसाळ्याच्या तोंडावर थांबवायचं नाही, एवढं बाईंशी बोलून ठरलं आहे.